हृदयाचे महागडे औषध : आधी भाव उतरवा, मग मदत मागा

हृदयाचा पंप कमजोर झाला की गोळ्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात. पैसे पुरेनासे झाले की दोन वेळची गोळी एक वेळ करणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. ते हे डॉक्टरांना सांगत नाहीत. मग पायांवर सूज चढते, दम लागतो, आणि रुग्णालयाचे बिल औषधाच्या कितीतरी पट होते. म्हणून खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्यात लाज कसली?

पुष्कळदा मदत मागण्यापूर्वीच भाव उतरवता येतो. सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन या गोळीचेच उदाहरण घ्या. भारतात तिच्या मूळ पेटंटची मुदत जानेवारी 2023 मध्ये संपली. नंतर अनेक कंपन्यांनी ही गोळी काढली व किंमत बरीच खाली आली. तरीही जुन्या चिठ्ठीवरचे महाग नाव चालू ठेवणारे कमी नाहीत. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव लिहून घ्यावे आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. तेथील औषधे साधारणपणे 50 ते 80 टक्के स्वस्त असतात.

एवढ्यानेही भागत नसेल तर पुढील दारे ठोठवावीत.

1) सरकारी रुग्णालय : सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. आपली गोळी तेथे मिळते का, हे विचारावे. नसल्यास तेथील डॉक्टर पर्यायी औषध सुचवू शकतात.

2) धर्मादाय रुग्णालय : वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजार रुपयांपर्यंत असल्यास निर्धन, तर 3 लाख 60 हजारांपर्यंत असल्यास दुर्बल घटक म्हणून सवलत मिळते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन तेथील समाजसेवकास भेटावे.

3) कर्मचारी विमा : पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर कामगाराला व त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही दवाखान्यातून औषधे मिळतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल मात्र अनेकांचा गैरसमज आहे. तिचा मुख्य उपयोग रुग्णालयात दाखल झाल्यावर होतो, घरच्या दरमहाच्या गोळ्यांसाठी नव्हे. माहितीसाठी 155388 हा क्रमांक आहे.

एक इशारा. पैसे वाचवण्यासाठी घरात उरलेली एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलची गोळी परस्पर सुरू करू नये. ही औषधे आणि सॅक्युबिट्रिल यांत किमान 36 तासांचे अंतर लागते. अन्यथा चेहरा व घसा सुजून जिवावर बेतू शकते.

दाखले मिळायला वेळ लागतो. तेव्हा शेवटची गोळी संपेपर्यंत थांबू नका. निदान पंधरा दिवस आधी खटपटीला लागा.