आधी डबा, मग गाडी

गाडी फूटपाथला लागून थांबते न थांबते तोच तिच्या कुशीतून एक लोखंडी हात बाहेर सरकतो. दोन पंजे डब्याला विळखा घालतात. डबा वर जातो, गाडीच्या टपावर उलटा होतो, एक-दोन झटके खातो आणि होता तिथे परत टेकतो. या सगळ्याला दहा-बारा सेकंद पुरतात. चालक केबिनमधून उतरत नाही, एका दांड्यावर सगळा कारभार चालतो. अमेरिकेत इतर गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. या गाडीला मात्र ते बहुधा उजवीकडेही असतं, कारण चालकाची नजर रस्त्याइतकीच फूटपाथवरच्या डब्यावर लागते. एका पाळीत अशी एक गाडी हजाराच्या आसपास घरं उरकते.

मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेले आईवडील या गाडीचं वर्णन हमखास करतात आणि शेवटी विचारतात, आपल्याकडे असं का होत नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र गाडीत कमी आणि डब्यात जास्त सापडतं.

कचरा उचलण्याच्या आधुनिक व्यवस्थेची सुरुवातही डब्यापासूनच झाली. १८८३च्या अखेरीस पॅरिसच्या परिसराचे प्रशासक युजेन पुबेल यांनी हुकूम काढला, की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवायचे. तेही एक नव्हे, तीन. नासणारा कचरा एकात, कागद-चिंध्या दुसऱ्यात, काच, फुटकी भांडी आणि शिंपले तिसऱ्यात. घरमालक वैतागले आणि कचरा वेचून पोट भरणारेही चिडले. वर्गीकरणाचा भाग फार काळ टिकला नाही, पण ठरावीक मापाचा डबा टिकला.

गाड्या त्यानंतर आल्या. १८९७ साली लंडनजवळच्या चिझिक भागात थॉर्निक्रॉफ्ट कंपनीची वाफेवर चालणारी कचरागाडी धावू लागली. अमेरिकेतले गार वूड हे वेगवान मोटारबोटींच्या शर्यतींसाठी गाजलेले गृहस्थ. त्यांची खरी कमाई मात्र ट्रकचा हौदा उचलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रावर झाली होती. १९३८मध्ये त्यांच्या कंपनीने कचरा आत दाबून भरणारी गाडी बाजारात आणली. आपल्याकडे ज्याला कॉम्पॅक्टर म्हणतात, त्याची ही आजी. त्याच दशकात टेनेसीतल्या नॉक्सव्हिल शहरात जॉर्ज डेम्पस्टर यांनी गाडीला यंत्राने जोडता-उचलता येईल असा मोठा लोखंडी डबा तयार केला. पुढे ते त्या शहराचे महापौरही झाले.

तरीही घरापुढचा डबा उचलायला माणूस लागतच होता. दिवसभर वाकायचं, उचलायचं, गाडीच्या मागच्या पायरीवर लोंबकळायचं. पाठ आणि खांदे कामातून जायचे, फुटक्या काचा हाताला लागायच्या, मागून येणारी वाहनं अंगावर यायची. आजही अमेरिकेत सर्वाधिक प्राणघातक कामांच्या यादीत कचरा उचलणाऱ्यांचं काम पहिल्या दहांत असतं. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या स्कॉट्सडेलमध्ये त्यात चाळिशीपार गेलेल्या उन्हाळ्याची भर. तिथल्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख मार्क स्ट्रेजियर यांनी सरकारी अनुदान मिळवून १९६९च्या सुमारास लोखंडी हाताची पहिली गाडी रस्त्यावर आणली. तिचं अवजड रूप पाहून तिला ‘गॉडझिला’ हे नाव पडलं.

स्कॉट्सडेलच्या प्रयोगातली मेख गाडीच्या पंजात नव्हती. शहराने आधी सगळ्यांना एकाच मापाचे, एकाच घडणीचे डबे दिले. यंत्राच्या हाताला अंदाज बांधता येत नाही. गोणी, बादली, फुटका टब आणि गाठ मारलेली पिशवी यांतलं काहीही त्याला उचलता येत नाही. म्हणून अमेरिकेत सुमारे ३६० लिटरचा आणि युरोपात २४० लिटरचा चाकांचा डबा घरोघरी गेला. तो कोणत्या दिवशी बाहेर काढायचा, तोंड कुठे करायचं, शेजारच्या डब्यापासून किती लांब ठेवायचा, याचे नियम आले. गाडीने माणसाचे कष्ट वाचवले, आणि त्याच्या बदल्यात लाखो घरांना शिस्त लावली.

या लोखंडी हाताने एक गोष्ट मात्र गमावली. डबा रिता करणाऱ्या माणसाला आत काय आहे ते दिसायचं. कागदाच्या डब्यात खरकटं असलं, तर तो डबा तसाच सोडून द्यायचा. यंत्राला डबा दिसतो, डब्यातलं दिसत नाही. लोखंडी हाताच्या गाड्या सर्रास झाल्या तशी पुनर्वापराच्या मालात भेसळ वाढली. आता गाडीत माल पडतो त्या तोंडाशी कॅमेरे बसवून ती पकडण्याचा खटाटोप चालू आहे.

हीच भेसळ इंधनाच्या प्रश्नाशी येऊन भिडते. कचरागाडी हे डिझेलचं महाखादाड वाहन. दर घरापाशी थांबायचं, पुन्हा निघायचं, थांबल्यावरही इंजिनाच्या जोरावर कचरा दाबायचा. त्यामुळे एका लिटरमध्ये जेमतेम सव्वा किलोमीटर पडतो. पण तिची फेरी ठरलेली असते आणि रात्री ती एकाच डेपोत परतते. म्हणून नव्या इंधनाची परीक्षा घ्यायला यापेक्षा सोयीचं वाहन नाही. बॅटरीवरच्या गाडीला तर थांबत-थांबत जाणं मानवतं, कारण प्रत्येक ब्रेकमधून थोडी वीज परत मिळते. ही कल्पना नवी नाही. बर्मिंगहॅमसारख्या इंग्रजी शहरांत पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच विजेवरच्या कचरागाड्या होत्या. अडचण वजनाची आहे. बॅटरी जितकी जड, तितका कचरा कमी, आणि कचरा दाबण्याची ताकदही त्याच बॅटरीतून काढायची.

दुसरा मार्ग गॅसचा. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट कचराभूमीवर २००९मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. पुरलेल्या कचऱ्यातून निघणारा मिथेन शुद्ध करून, अतिथंड करून त्याचं द्रवरूप इंधन करायचं. त्याची क्षमता दिवसाला १३ हजार गॅलन. ते इंधन कचरागाड्यांच्याच टाक्यांत जाऊ लागलं. स्वतःच वाहिलेल्या मालावर पळणारं असं वाहन विरळाच.

आपल्या जवळचं उदाहरण होळकरांच्या इंदूरचं. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथे रोज ५५० टन ओला कचरा पचवणाऱ्या बायो-सीएनजी प्रकल्पाचं उद्घाटन झालं. दिवसाला १७ हजार किलो गॅस आणि १०० टन खत ही त्याची क्षमता, आणि त्या गॅसवर शहराच्या बस धावतात. प्रकल्पाची टाकी म्हणजे एक नाजूक पोट आहे. तिथे जिवाणू ओल्या कचऱ्याचा लगदा पचवतात. प्लास्टिकची पिशवी गेली तर पंप तुंबतात. काच-माती गेली तर ती तळाशी साचते. इंदूरने त्याआधी काही वर्षं खपून रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवल्या, कप्प्यांच्या छोट्या गाड्या दारोदार फिरवल्या आणि ओला-सुका वेगळा केला नाही तर कचरा न उचलण्याचा हट्ट धरला. टाकी नंतर बांधली, तिचं पथ्य आधी पाळलं.

महाराष्ट्रात लोखंडी हात थेट आणता येणार नाही. पेठेतल्या बोळात ती गाडी वळणार नाही आणि जिना-जिन्यावरच्या बादल्या तिच्या पंजात मावणार नाहीत. आपल्याकडे यांत्रिकीकरण दिसतं ते घंटागाडीच्या वर उचलल्या जाणाऱ्या हौद्यात आणि कॉम्पॅक्टरच्या पाठीमागच्या उचलणीत. ही उचलणी ११०० लिटरचे चाकांचे डबे वर घेते, पण ते ढकलत आणून तिला अडकवणारे कामगार असतातच. पुण्यात २००८पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. ढकलगाडीवर दोन बादल्या, आणि त्यावर झुकलेली एक बाई हातासरशी दुधाची पिशवी एकीकडे, भाजीची देठं दुसरीकडे करते. सुक्यातलं विकून तिची मिळकत होते. अमेरिकेतल्या यंत्राने गमावलेली नजर इथे शाबूत आहे, पण तिची किंमत त्या बाईच्या पाठीने आणि श्वासाने मोजली आहे. इथे यंत्र आणायचं ते ओझं उचलायला. विजेवरची तीनचाकी, उंचीला बेताची गाडी, कंबरेत न वाकता कचरा वेगळा करता येईल असं टेबल. निवड करणारा माणूस काढून टाकायला यंत्र आणलं, तर गॅसच्या टाकीत जाणारा मालच बिघडेल.

नव्या गाड्या घेताना निविदेत इंजिन, क्षमता, जीपीएस सगळं येतं. घराघरात ओला-सुका वेगळा राहावा म्हणून समजावणाऱ्या, तपासणाऱ्या आणि वेळेला दंड करणाऱ्या माणसांचा खर्च मात्र त्यात बसत नाही. तो खर्च गाड्यांच्याच खात्यावर धरायला हवा. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांपासूनच वर्गीकरण सक्तीचं आहे. ज्या प्रभागात ते होतं, तिथे पहिली विजेवरची किंवा गॅसवरची गाडी पाठवावी. मिसळलेला कचरा वाहून नेणारी गाडी कितीही नवी असली, कोणत्याही इंधनावर चालली, तरी ती नेऊन टाकणार कचरा डेपोवरच.