लेओपोल्डप्लात्झला गाडी बदलताना

बर्लिनमध्ये शिकणाऱ्याला तिकिटाची विवंचना फारशी नसते. पासचे पैसे विद्यापीठाच्या सत्रशुल्कातच भरलेले असतात. स्टेशनात शिरताना फाटक नाही, सरळ फलाटावर. तपासनीस मात्र साध्या कपड्यांत चढतात, दार लागलं की ओळखपत्र काढतात. पास नसला तर ६० युरो दंड.

शिकावं लागतं ते गाडी बदलणं. मी वेडिंग भागात राहते, वर्ग एर्न्स्ट-रॉयटर-प्लात्झला. म्हणजे ऊ-बानच्या, भुयारी रेल्वेच्या, ऊ-६ मार्गाने लेओपोल्डप्लात्झ, तिथून ऊ-९ने झू स्टेशन, मग ऊ-२. मुंबईत लोकलचा कोणता डबा जिन्यासमोर येतो हे पाठ असतं, तसंच इथेही होतं. झूला खालच्या फलाटावरून वर येऊन ऊ-२मध्ये पाऊल टाकलं की अंग चोरावं लागतं. ऊ-९चा डबा २.६५ मीटर रुंद, ऊ-२चा सुमारे २.३०. ऊ-२चा मार्ग १९०२चा, तेव्हाच्या मापाचा.

ऊ-९ मात्र मला नुसती सोय वाटत नाही. ती सुरू झाली २८ ऑगस्ट १९६१ला, शहराची फाळणी करणारी भिंत उभी राहू लागल्यावर पंधरा दिवसांनी. पूर्वेच्या हद्दीत न शिरता पश्चिम बर्लिनला उत्तर-दक्षिण जाता यावं, म्हणूनच ती आखली होती. जुनी ऊ-६ मधल्या टप्प्यात पूर्व बर्लिनखालून जायची. भिंतीनंतर पश्चिमेच्या गाड्या तिथे फक्त फ्रीडरिखश्ट्रासेला थांबत. बाकीचे अंधुक, बंद फलाट तसेच मागे पडत. आज ऊ-६ने ग्रंथालयात जाताना त्यांतलंच ओरानियनबुर्गर टोर येतं, कुणीतरी बटण दाबतं, दार उघडतं, पोरं सॅक सावरत आत येतात. इतकी साधी गोष्ट इथे २८ वर्षांहून अधिक काळ होऊ शकत नव्हती, हे मला दर वेळी आठवतं, आणि आठवावं असंच वाटतं.

ट्रामचंही तेच. पश्चिमेने ट्राम १९६७मध्ये बंद केल्या, पूर्वेने राखल्या. त्यामुळे आजही रूळ बहुतेक पूर्वेलाच दिसतात. पश्चिमेकडच्या वेडिंगमध्ये ट्राम परतली १९९५मध्ये, बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या पुलावरून. भिंत पडली त्या ९ नोव्हेंबर १९८९च्या रात्री लोकांच्या लोंढ्यापुढे सर्वांत आधी उघडला तो याच पुलावरचा सीमानाका. फ्रीडरिख्सहाइनमधल्या मैत्रिणीकडे निघाले की मोबाइल मला एस-बानच्या, उपनगरी रेल्वेच्या, वर्तुळमार्गाने जायला सांगतो, कारण तो लवकर पोचवतो. घाई नसेल तर मी त्या पुलावरून जाणारी एम-१३ ट्रामच धरते.