समुद्र नसलेल्या गावची किनारसफर

सायकलवरून किनाऱ्याने निवांत हिंडायचे म्हटले, की मराठवाड्यातल्या जिंतूरच्या माणसाला कोकण-गोवा आठवतो. यासाठी गोव्यातले दिवाडी बेट खरोखर छान आहे. तिथे पूल नाही, जुन्या गोव्याहून फेरीबोटीने जावे लागते. त्यामुळे मोटारींची वर्दळ बेताची असते आणि खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या, शेतांतला रस्ता सपाट मिळतो. सप्तकोटेश्वराचे प्राचीन स्थान याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर देव पलीकडे नार्व्याला नेले गेले आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. एवढा इतिहास चार-पाच किलोमीटरच्या टापूत भेटतो. पण दिवाडीला वेढणारे पाणी समुद्राचे नाही, मांडवी नदीचे आहे. म्हणजे या भटकंतीला समुद्रच हवा असे नाही. पाण्याची संगत, कमी रहदारी आणि जवळजवळचे थांबे एवढे मिळाले तरी पुरते.

जिंतूरला हे तिन्ही मिळते. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली पूर्णा नदी येलदरीला धरण बांधून अडवली आहे. १९६८ साली पूर्ण झालेले हे धरण गावापासून पंधराएक किलोमीटरवर आहे आणि त्याच्या पायथ्याला २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. गावापासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरीची जैन लेणी आहेत. तिथली पार्श्वनाथाची भव्य मूर्ती इतक्या लहान आधारावर तोललेली आहे, की ती अधांतरी भासते. दोन्ही ठिकाणे मिळून जाणे-येणे चाळीस किलोमीटरच्या आत बसते. ताशी बारा किलोमीटरच्या रमतगमत वेगानेही त्याला साडेतीन तासांहून कमी वेळ लागतो. बाकीचा दिवस लेण्यांना, जलाशयाला आणि हिवाळ्यात तिथे उतरणाऱ्या पाखरांना देता येतो.

मोटारसायकलने हेच अंतर तासाभरात होते, मग सायकल कशाला, असे कुणी विचारील. पोहोचणे एवढाच हेतू असेल तर मोटारसायकलच बरी. पण मुरमाड माळ संपून काळी जमीन कुठे लागते, शेतांत कोणती पिके उभी आहेत, कापसाची वेचणी कुठवर आली, हे सावकाश जाणाऱ्यालाच दिसते. आपल्या तालुक्याची अशी ओळख फार थोड्यांना असते. दुसरा आक्षेप उन्हाचा, आणि तो रास्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा हा बेत करूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच त्याचा हंगाम, आणि त्याच दिवसांत शेतात हुरडाही असतो. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. भरधाव वाहनांच्या रस्त्यावर सायकलस्वाराला कडेला उतरायला जागा नसेल, तर ही भीती खरीच आहे. पण राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या मुली असल्याच रस्त्यांनी रोज शाळेला जातात. पक्की साईडपट्टी आधी त्यांच्यासाठी हवी, सहलीला जाणाऱ्यांना तिचा लाभ आपोआप होईल.

म्हणून शाळांनी एक हिवाळी सहल सायकलवरून येलदरीला न्यावी. सोबत शिक्षक, पाणी आणि पंक्चरचे सामान असावे. नगरपालिका आणि बांधकाम खात्याने त्या वाटेवर साईडपट्टी, पिण्याचे पाणी आणि सावलीची झाडे द्यावीत. दूरच्या बेटावर जरूर जावे, पण आधी पूर्णेचा काठ पाहून घ्यावा.