संदर्भ हवा : मालेगावचा सिनेमा आणि मुक्त ज्ञानकोश

मराठी विकिपीडियावर एखाद्या वाक्याला आधार दिलेला नसेल, तर कोणीही स्वयंसेवक त्यापुढे ‘संदर्भ हवा’ असा शेरा ठेवू शकतो. मालेगावविषयीच्या नोंदींवर मी फावल्या वेळात काम करतो. या दोन शब्दांशी माझी जेवढी झटापट झाली, तेवढी दुसऱ्या कशाशीच झाली नाही.

शेरा योग्यच आहे, हे आधी सांगायला हवे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड किंवा वाईहून निघालेला विश्वकोश हाती घेतला, तर नोंदीमागे एक जाणकार उभा असतो. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नावही असते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर असा जाणकार नाही. लिहिणारा प्राध्यापक आहे की अकरावीतला विद्यार्थी, हे वाचकाला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. तिथे विश्वास माणसावर नसून छापील, स्वतंत्र, पडताळता येणाऱ्या पुराव्यावर असतो. ‘मला ठाऊक आहे’ हे तिथे चालत नाही, आणि स्वतः केलेले नवे संशोधन तर मुळीच नाही.

मालेगावच्या भुईकोट किल्ल्याला या नियमाचा काहीच त्रास होत नाही. नारो शंकर राजेबहाद्दरांनी तो बांधला, १८१८ च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी वेढा घालून घेतला. १८८३ चे नाशिकचे गॅझेटियर उघडले की काम होते. गावावर दोनदा झालेल्या बाँबस्फोटांचीही, २००६ आणि २००८ सालच्या, तीच गत. वर्तमानपत्रे, न्यायालयाची कागदपत्रे, काही कमी नाही. अडते ते सिनेमापाशी.

इथला सिनेमा ही मालेगावची सांस्कृतिक संस्थाच आहे असे मी मानतो, जरी तिला इमारत नाही, घटना नाही आणि अध्यक्षही नाही. यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. त्या सुट्टीच्या दिवशी कामगार थिएटरांत आणि व्हिडिओ पार्लरांत गर्दी करत, आणि त्या प्रेक्षकांतूनच सिनेमा करणारे निघाले. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. कॅमेरा सरकवायला ट्रॉली नव्हती, तेव्हा सायकलच ट्रॉली झाली. उंचावरून चित्रण करायला बैलगाडी कामाला आली. पुढे फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि जगाला या गावाची ही बाजू दिसली. त्यात सुपरमॅन झालेले शफीक शेख यंत्रमाग कामगार होते. २०११ साली ते कर्करोगाने गेले. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२४ साली टोरांटोच्या महोत्सवात आणि पुढच्या फेब्रुवारीत आपल्याकडे प्रदर्शित झाला.

एवढे कोणीही लिहू शकेल, कारण एवढ्याला संदर्भ आहेत. पण ते कसले आहेत ते पाहा. माहितीपट आला तेव्हा बाहेरचे पत्रकार आले, पुढचा चित्रपट आला तेव्हा पुन्हा आले. दोन्ही वेळा लेख साहजिकच एका दिग्दर्शकावर आणि दोन-तीन विडंबनपटांवर लिहिले गेले. ज्ञानकोश छापून आलेल्यावरच उभा राहतो, म्हणून नोंदीतही एका माणसाचे आणि दोन-तीन चित्रपटांचे मालेगाव उरते. बाकीचे दिग्दर्शक, लेखक, शिवणकाम करून कपडेपट सांभाळणारे, भित्तिपत्रके रंगवणारे, खानदेशी बोलीतल्या विनोदाला नंतर मोबाइलवर घेऊन गेलेली पोरे या सगळ्यांसमोर ‘संदर्भ हवा’.

त्यामुळे आमचे बरेचसे काम भर घालण्याचे नाही, वेगळे करण्याचे असते. माहितीपट २००८ चा, पण आपल्या चित्रपटगृहांत तो २०१२ साली लागला. दोन्ही वर्षे खरी आहेत, पण ती एकाच रकान्यात घातली की घोटाळा होतो. माहितीपटाचे नाव एक आणि त्यात ज्याचे चित्रीकरण दिसते त्या ‘मालेगाव का सुपरमॅन’चे दुसरे. आणि ‘सुपरबॉइज’मध्ये खऱ्या माणसांची नावे असली तरी ती पटकथा आहे. त्यातला प्रसंग नासिर शेख यांच्या चरित्रात घटना म्हणून लिहिता येत नाही, तो कितीही पटणारा असला तरी. चर्चा पानावर सर्वांत जास्त समजूत याच मुद्द्यावर घालावी लागते.

दुसरी अडचण लिपीची. विकिपीडियाला संदर्भ कोणत्याही भाषेतला चालतो. मराठी नोंदीला उर्दू वर्तमानपत्राचा आधार देण्यात काहीच गैर नाही. मात्र वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि पान द्यावे लागते, आणि मजकूर वाचणारा माणूस लागतो. मौसम नदीच्या एका तीरावर उर्दू वाचणारे जास्त, दुसऱ्या तीरावर मराठी वाचणारे. दोन्ही लिपी वाचून टंकलेखनही करणारा स्वयंसेवक क्वचित सापडतो. सापडला की आधी मी त्याला चहा पाजतो, मग धूळपाटी कशी वापरायची ते दाखवतो.

चित्रांचे तर आणखीच. विकिमीडिया कॉमन्सवर किल्ल्याचे छायाचित्र मी स्वतः काढून चढवू शकतो. व्हीसीडीचे वेष्टन किंवा भित्तिपत्रक मात्र चढवता येत नाही, कारण त्यावर हक्क निर्मात्याचा. त्याने लेखी परवानगी दिली तर मार्ग मोकळा होतो. पण ‘कोणीही, कशासाठीही, धंद्यासाठीसुद्धा वापरू शकेल’ हे त्या परवान्यातले वाक्य वाचून माणूस दचकतो. त्याचे दचकणे मला समजते. ज्याच्या व्हीसीडीच्या नकला बाजारात निघाल्या, त्याला हे औदार्य शिकवायला जाणे बरे दिसत नाही.

मोठ्या संस्थांचे वेगळे असते. २०१० साली ब्रिटिश म्युझियमने लियाम व्हायट या स्वयंसेवकाला काही आठवडे आपल्याकडे बसवले. अभिरक्षक, सूचिपत्रे, ग्रंथालय सगळे त्याच्या हाताशी होते, आणि वस्तूंवरच्या नोंदी सुधारत गेल्या. तिथे ज्ञान छापून तयार होते, फक्त कोशात आणायचे होते. मालेगावात ते माणसांच्या तोंडी आणि पत्र्याच्या पेट्यांत आहे. तोंडी माहितीलाही संदर्भ मानावे, असा प्रयोग अचल प्रभला यांनी २०११ साली मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेत करून दाखवला, मुलाखती ध्वनिमुद्रित करून. वाद भरपूर झाला. मुख्य नियम बदलला नाही. मला तो प्रयोग आवडतो, तरी नियम सैल करावा असे वाटत नाही. ज्या गावाविषयी ऐकीव गोष्टी इतक्या सहज पसरतात, त्या गावाच्या नोंदीत ऐकीव गोष्टींना दार उघडणे महागात पडेल.

मग उरते ते काम ज्ञानकोशाबाहेरचे. व्हीसीडींच्या वेष्टनांवरून नावे, वर्षे आणि श्रेयनामावली यांची यादी करणे, उर्दू अंकांतल्या जाहिरातींची तारीखवार नोंद ठेवणे, अजून हयात असलेल्या कलावंतांच्या मुलाखती घेणे, आणि हे सारे एखाद्या नियतकालिकाच्या संपादकाकडून तपासून छापून आणणे. व्हीसीडीच्या तबकड्या गंजत नाहीत, पण त्यांवरचा थर सुटतो, आणि त्या चालवणारी यंत्रेही घराघरांतून गेली आहेत. म्हणून यादी आधी, नोंद नंतर.

दिवाळी अंकही छापील, संपादित साधन आहे. या लेखाचा पान क्रमांक मी नोंदीच्या चर्चा पानावर ठेवीन. लेख माझाच असल्यामुळे तो संदर्भ म्हणून मी स्वतः जोडणार नाही. ग्राह्य धरायचा की नाही, हे दुसऱ्या एखाद्या स्वयंसेवकाने ठरवायचे.