फुरसतीची सनद

नागपुरातील इतवारीच्या किराणा ओळीत एखाद्या घाऊक दुकानासमोर घटकाभर उभे राहिले, तर दोन युगांचा कारभार एकाच गादीवर चाललेला दिसतो. पांढऱ्या चादरीवर तक्क्याला टेकून बसलेले शेठजी, त्यांच्या बाजूला लाल कापडाच्या बांधणीची वही, भिंतीवर लक्ष्मीची तसबीर आणि तिच्याच खाली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेली पाटी. धण्याची पोती उतरवून झालेला हमाल खांद्यावरच्या पंच्याने मान पुसत मजुरीची वाट पाहत असतो, आणि तेवढ्यात गल्ल्याशेजारची ओंजळभर आकाराची डबी खणखणीत आवाजात पुकारते की अमुक इतके रुपये प्राप्त झाले. नोटा मोजणे नाही, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत नाही, रक्कम पोहोचली की नाही हे पाहण्यासाठी समोरच्याच्या तोंडाकडे बघणेही नाही. पूर्वी पाच मिनिटे खाणारा व्यवहार पाच सेकंदांत उरकतो. वाचलेली मिनिटे मात्र शेठजींच्या पदरात पडत नाहीत आणि गिऱ्हाइकाच्याही पडत नाहीत. डबी बोलून थांबते न थांबते तोच दोघांच्याही माना आपापल्या मोबाइलवर झुकलेल्या असतात.

वाचलेला वेळ जातो कोठे, हा प्रश्न वरवर पाहता जमाखर्चाचा वाटला, तरी तो मुळात अध्यात्माचा आहे. कारण मनुष्य आपल्या रिकाम्या वेळाचे काय करतो, यावर तो कोण होतो हे पुष्कळ अंशी ठरते. आणि या प्रश्नाची चर्चा करण्यास इतवारीइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. येथून दोन-तीन कोसांच्या टापूत मध्य प्रांतातील कापडगिरणीचा मोठा प्रयोग झाला, दीक्षाभूमी उभी राहिली; आणि पाऊणशे किलोमीटरच्या आत सेवाग्राम व पवनार आहेत. यंत्राविषयी विसाव्या शतकात जे काही मूलगामी बोलले गेले, त्याचा मोठा भाग या मुलखातल्या माणसांनी बोललेला आहे.

भोंग्याचे राज्य

आठवडी बाजारांच्या वारांवरून ज्याच्या पेठा ओळखल्या जातात त्या नागपुरात आगगाडी आली 1867 साली, आणि तिच्या मागोमाग दहा वर्षांत गिरणी आली. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या, काठी उभारलेली ही गिरणी 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केला त्याच दिवशी सुरू झाली आणि म्हणून एम्प्रेस मिल या नावाने ओळखली गेली. इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली या भागांतील कोष्टी त्या काळी रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी विणण्यात वाकबगार होते. यंत्राचा पहिला घाव त्यांच्या मागावर पडला नाही. तो पडला घरोघरच्या टकळीवर आणि चरख्यावर. हातसूत आधी संपले. विणकर मात्र गिरणीचे सूत विकत घेऊन पुढे कितीतरी वर्षे आपला माग चालवीत राहिले.

त्या मागावरचे जीवन सुखाचे होते, असे म्हणणे शुद्ध भाबडेपणाचे ठरेल. गल्लीत ताणा पसरून त्याला खळ द्यायची, खळ वाळेपर्यंत आभाळाकडे डोळा ठेवायचा, सावकाराचा तगादा सोसायचा आणि पोरांनाही खड्डामागाच्या कामाला जुंपायचे, असा तो संसार होता. तथापि त्या कष्टांची लय उन्हापावसाने, सणावाराने आणि घरच्या गरजेने ठरत असे. गिरणीने ती भोंग्याच्या हवाली केली. यंत्र श्रम वाचवील अशी प्रतिज्ञा होती. प्रत्यक्षात आरंभीच्या काळात हिंदुस्थानातील गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, कारण दहा माणसांचे काम करणारे चाक क्षणभरही रिकामे ठेवणे मालकाला परवडत नसे.

म्हणजे फुरसत यंत्राच्या पोटातून आपोआप बाहेर पडली नाही. ती माणसांनी मागून, भांडून, कागदावर लिहवून घेतली. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांना संघटित करून 1884 पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद झाली. 1922 च्या कायद्याने आठवड्याचे काम साठ तासांवर आणले, 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत चोपन्नावर, आणि 1946 साली ते अठ्ठेचाळीस तासांवर आले. ही शेवटची तजवीज ज्यांच्या कारकिर्दीत आकाराला आली, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आज रविवारी सकाळी चहाचा पेला हाताशी ठेवून आपण पुरवणी वाचतो, ती फुरसत अशी साठ वर्षांच्या खटपटीने मिळालेली सनद आहे.

वर्धेचा रस्ता आणि दीक्षाभूमी

यंत्र मुळात हवे की नको, हा वाद मात्र त्याच काळात वर्धेच्या रस्त्यावर चालू होता. गांधीजी 1936 साली सेवाग्रामला येऊन राहिले, तेव्हा त्यांचा यंत्रविरोध जगभर गाजून चुकला होता. परंतु तो विरोध सरसकट नव्हता. 1924 साली रामचंद्रन नावाच्या तरुणाशी झालेल्या संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मोकळ्या मनाने मान्यता दिली होती, आणि 1929 साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे इनाम जाहीर केले होते. त्यांचे भांडण होते ते यंत्राच्या वेडाशी, म्हणजे हजारो हातांचे काम हिरावून मूठभरांच्या तिजोऱ्या भरणाऱ्या हव्यासाशी.

पवनारला धाम नदीच्या काठी बसलेल्या विनोबांनी याच विचाराला तर्कशास्त्राची शिस्त लावली. यंत्रांचे त्यांनी तीन वर्ग केले: वेळ वाचवणारी समयसाधक, नाश करणारी संहारक आणि माल निर्माण करणारी उत्पादक. संहारक यंत्रे सर्वथा त्याज्य, समयसाधक यंत्रे स्वागतार्ह, आणि उत्पादक यंत्रांचे पुन्हा पूरक व मारक असे दोन पोटभेद. त्यांतही एका देशात किंवा एका काळात पूरक असणारे यंत्र दुसऱ्या परिस्थितीत मारक ठरू शकते, हा मोलाचा शेरा त्यांनी मारून ठेवला.

आंबेडकरांनी मात्र सारा युक्तिवाद उलट टोकाने धरला. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा झाडा घेणाऱ्या 1945 च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी असे मांडले की, माणसाला पशूपासून वेगळे करते ती संस्कृती, संस्कृतीला फुरसत लागते, आणि राबणाऱ्या बहुजनांना फुरसत मिळवून देणारे साधन यंत्राखेरीज दुसरे नाही. यंत्रयुगातील अनर्थांचा दोष त्यांनी यंत्रावर न ठेवता, त्याचा लाभ थोड्यांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेवर ठेवला आणि उपाय म्हणून ती रचना बदलावी असे सांगितले. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या वाट्याला केवळ कष्ट आले, त्यांना साधेपणाची महती सांगणे ही चैन आहे, हे त्यांच्याइतक्या स्पष्टपणे कोणी सांगितले नव्हते.

आणि तरीही फुरसत मिळवून देऊन बाबासाहेब थांबले नाहीत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी ज्या धम्माचा स्वीकार केला, त्याच्या अष्टांगिक मार्गात सम्यक् स्मृती, म्हणजे मनाची अखंड जागरूकता, हे एक अंग आहे. माणसाला वेळ मिळाला पाहिजे हा पूर्वार्ध, आणि त्या वेळात मनावर त्याचा स्वतःचा अंमल असला पाहिजे हा उत्तरार्ध. पूर्वार्ध कायद्यात लिहिता आला. उत्तरार्धाची सोय कोणत्याही कायद्यात नव्हती.

समयसाधकाचा समयभक्षक

30 डिसेंबर 2016 रोजी सुरू झालेल्या, पैशांची देवघेव करणाऱ्या सरकारी ॲपचे भीम हे नाव आंबेडकरांच्या स्मरणार्थ ठेवले गेले, आणि त्याचीच आधार क्रमांकावर चालणारी आवृत्ती 14 एप्रिल 2017 रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, नागपुरातच देशाला अर्पण झाली. या व्यवस्थेचे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. बालाघाटकडून किंवा छत्तीसगडातून इतवारीत आलेला हमाल एकेकाळी मनिऑर्डरच्या रांगेत अर्धा दिवस घालवी आणि पैसे पोहोचल्याची खबर लागेपर्यंत घोर लावून बसे. आज तो हातगाड्यावर बसल्या बसल्या लेकीच्या शाळेची फी भरतो. विनोबांच्या वर्गवारीत हे यंत्र पहिल्या वर्गातले, निःसंशय समयसाधक.

गोम अशी की, तीच वस्तू त्याच हातात पुढच्या क्षणी दुसरे यंत्र होते. मोबाइलवरील बहुतेक करमणूक फुकट असते, कारण तिचा खर्च जाहिरातदार देतात, आणि जाहिरातदार पैसे मोजतात ते आपण पडद्यावर किती वेळ खिळून राहतो त्यावर. साहजिकच ती रचणाऱ्या कंपन्यांचे सारे कसब आपण उठून जाऊ नये यासाठी खर्ची पडते: एक चित्रफीत संपण्याआधी दुसरी सुरू होते, पानाला शेवट ठेवलेला नसतो, कोपऱ्यात तांबडा ठिपका उमटतो. त्या ठिपक्यामागे कधी खरोखर कामाचा निरोप असतो, बहुधा नसतो. आणि ही अनिश्चितताच हुकमी ठरते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांत दाखवून दिले होते की, दाणा दर वेळी न मिळता अवचित मिळत गेला, तर पक्षी कळीवर चोच मारणे सहजी सोडत नाही. हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने 1971 साली बजावले होते की, माहितीची सुबत्ता वाढत जाईल तसतसे माणसाचे अवधान दुर्मीळ होत जाईल. केन्स या अर्थतज्ज्ञाने 1930 साली आपल्या नातवंडांच्या पिढीला आठवड्याला पंधरा तासच काम पुरेल असे भाकीत केले होते, आणि मोकळ्या वेळाचे काय करावे हाच त्या पिढीचा खरा प्रश्न असेल असेही म्हटले होते. पंधरा तासांचे भाकीत खोटे ठरले. प्रश्न मात्र त्याने अचूक ओळखला होता.

यात नुकसान कशाचे होते, हेही इतवारीतच पाहावे. जुन्या पेढीवर माल पाहण्यापूर्वी पाऊस, पीक, मुलीचे लग्न, गावचा कज्जा असे इकडचे तिकडचे बोलणे होई. ते निरुद्योगी दिसे, पण समोरच्याची पत त्याच बोलण्यात जोखली जाई. कोणाला महिन्याची उधारी द्यावी आणि कोणाकडून रोख घ्यावी, हे मुनीमजी खतावणीपेक्षा माणसाच्या चेहऱ्यावरून अधिक बिनचूक सांगत. रिकामी वाटणारी मिनिटे काम करीत होती. मनुष्याच्या अंतर्जीवनातही असेच घडते. पोते उतरेपर्यंत, गाडी येईपर्यंत, डोळा लागेपर्यंत वाट पाहणे ही पूर्वी प्रत्येकाच्या दिवसात विखुरलेली फुकटची एकांतस्थळे होती. त्यांतच कोणी नाम घेई, कोणी पश्चात्ताप करी, कोणी नुसताच आपल्या मनाची बडबड ऐके. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे बाकी काही न मागता अवधानच मागितले, कारण तेवढे मिळाले की पुढचे आपसूक घडते हे ते जाणून होते. आज अवधानाचे मागणारे शेकड्यांनी आहेत, आणि देणाऱ्याला आपण काय देत आहोत याची दादही नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत इतवारीतून 1881 पासून निघते. गावातील रोगराई, इडापिडा आणि चालू काळातील दुष्प्रवृत्ती मारबत-बडग्यांच्या पुतळ्यांच्या रूपाने वेशीबाहेर नेऊन जाळण्याची ही नागपूरची पद्धत. ही नवी व्याधी तशी वेशीबाहेर नेता येणार नाही, कारण मिरवणुकीचे चित्रण करण्यासाठी उंचावलेल्या हजारो हातांत तीच आहे, आणि उद्या हमालाचे पैसे गावी धाडण्यासाठीही तीच लागणार आहे.

मग उपाय कोणता? आत्मसंयम हे उत्तर खरे, पण अपुरे आहे. एकट्या गिरणीकामगाराला संयमाने रविवार मिळाला नसता. सर्वांना एकदम मिळाला म्हणून तो टिकला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ही गोष्ट नेमकी ओळखली. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून तेथे संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला, आणि साडेआठला दुसरा वाजेपर्यंत घरोघरचे मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवण्याचा ठराव ग्रामसभेने केला. मुले पुस्तके उघडीत, मोठी माणसे एकमेकांशी बोलत. गिरणीच्या भोंग्याने माणसाचा वेळ ताब्यात घेतला होता. येथे गावाने स्वतः भोंगा वाजवून तो सोडवून घेतला. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थनाही याच जातीची: ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि सर्वांनी मिळून पाळलेले मौन.

इतवारीच्या व्यापाऱ्यांना अशा ठरावाची सवय आहे. बाजार कधी उघडायचा, कधी बंद ठेवायचा, याचे निर्णय संघटनेत बसून एकमताने घेण्याची येथे परंपरा आहे. दुपारच्या जेवणाचा अर्धा तास ओळीतील कोणीही मोबाइल हाती धरायचा नाही, असे ठरवायला सरकारी फर्मान लागत नाही. घरोघरीही एवढे करता येईल. अठ्ठेचाळीस तासांच्या कायद्यात मालक एकीकडे होता आणि मजूर दुसरीकडे. येथे राबवणारा आणि राबणारा पुष्कळदा एकच असतो, म्हणून या सनदेवर दोन सह्या लागतील, एक समाजाची आणि एक स्वतःची. पहिली सही आंबेडकरांच्या 1945 च्या युक्तिवादाने मागितलेली आहे आणि दुसरी 1956 च्या दीक्षेने. त्यांपैकी एकच करून भागेल अशा समजुतीत राहणे आपल्याला परवडणारे नाही.