निजाम, होळकर, पेशवे... तिघांनाही भाड्याने फौज देणारा अमेरिकन कर्नल

चाकूरकरांना उदगीरचा किल्ला नवा नाही. १७६० मध्ये तिथे मराठ्यांनी निजामाला हरवलं. त्यात मोठा वाटा होता इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा आणि कवायती पलटणींचा. गंमत म्हणजे हाच इब्राहिमखान आधी निजामाच्या पदरी होता.

पुढे दख्खनमध्ये अशा पलटणींना भाव आला. फ्रेंच आले, इटालियन आले. आणि एक अमेरिकनही आला.

कोण होता हा?

जॉन पार्कर बॉइड. जन्म १७६४, मॅसॅच्युसेट्समधलं न्यूबरीपोर्ट. अमेरिकेच्या सैन्यात तो कनिष्ठ अधिकारी होता. देश नवा, फौज छोटी, बढती मिळणार कुठून? १७८९ मध्ये तो भारताकडे निघाला.

धंदा कसा चालायचा?

त्याच्याकडे तीन पलटणी होत्या, प्रत्येकी सुमारे ५०० शिपायांच्या. तोफा, बंदुका, हत्ती सगळं त्याच्या मालकीचं. ज्या दरबाराला गरज असेल आणि खजिन्यात पैसा असेल, त्याला ही फौज महिन्याच्या भाड्याने मिळायची. निजाम, होळकर, पेशवे असे तिन्ही दरबार त्याने केले. १७९५ मध्ये निजाम आणि मराठे खर्ड्याला एकमेकांशी लढले, त्याच काळातली ही गोष्ट.

मग धंदा बसला कशामुळे?

इंग्रजांच्या तैनाती फौजेमुळे. १७९८ मध्ये निजामाने ती स्वीकारली आणि त्याच्याकडची फ्रेंच अधिकाऱ्यांची फौज मोडली. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवेही अडकले. गिऱ्हाईकच उरलं नाही. बॉइडने सगळा सरंजाम फिलोस नावाच्या इटालियन अधिकाऱ्याला विकला आणि मायदेश गाठला.

१८०८ मध्ये तो अमेरिकेच्या सैन्यात थेट कर्नल झाला, १८१२ मध्ये ब्रिगेडियर जनरल. पण १८१३ मध्ये कॅनडातल्या क्रिसलर्स फार्मला, जवळ जास्त सैन्य असूनही, तो इंग्रजांकडून हरला. १८१५ मध्ये नोकरी संपली. १८३० मध्ये बॉस्टनला त्याचा मृत्यू झाला.

यातून काय कळतं?

बॉइडचं भाडं थांबलं की बॉइड जायचा. इंग्रजांची फौज मात्र गेली नाही. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणाऱ्या फौजेचं देणं थकलं, तेव्हा १८५३ मध्ये वऱ्हाड आणि आपल्या शेजारचं नळदुर्ग इंग्रजांच्या ताब्यात गेलं. नळदुर्ग १८६० मध्ये परत मिळालं. वऱ्हाडचा कारभार निजामाकडे परत आलाच नाही.