व्याख्येवरून शब्दाकडे

शब्दकोडे म्हणजे रिकामटेकड्यांचा विरंगुळा, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे असेल तर रिकामटेकड्यांची संख्या आपल्या जिल्ह्यात बरीच मोठी म्हणावी लागेल. कारण वर्तमानपत्र हाती येताच आधी कोड्याचे पान उलगडणारी माणसे यवतमाळात आहेत, तशी वणीत आणि पुसदलाही आहेत. वाचनालयात तर दुपारपर्यंत कोड्याची घरे कोणीतरी पेन्सिलीने भरून टाकलेली असतात. तेव्हा ही माणसे नेमके काय करतात आणि ते कसे करावे, याचा थोडा विचार करू.

कोश आपल्याला शब्दावरून अर्थ सांगतो. कोडे सोडविणाऱ्याचे काम याच्या नेमके उलट असते. त्याच्यापुढे अर्थ असतो आणि शब्द हरवलेला असतो. आजच्या स्वरूपाचे पहिले कोडे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रात छापले. पण अर्थावरून शब्दाकडे जाण्याची गरज त्याहून फार जुनी आहे. अमरसिंहाचा 'अमरकोश' वर्णानुक्रमाने लावलेला नाही. तो विषयांच्या वर्गांनी लावलेला आहे. स्वर्ग, भूमी, नगर, वनस्पती असे वर्ग पाडून एकेका वस्तूचे पर्याय एके ठिकाणी दिले आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या 'राजव्यवहारकोशा'चीही रचना वर्गवारच आहे. इंग्रजीत रॉजेट यांनी १८५२ साली हेच काम मोठ्या प्रमाणावर केले.

आपले नित्याचे मराठी कोश मात्र वर्णानुक्रमाचे आहेत. मोल्सवर्थचा कोश प्रथम १८३१ साली निघाला व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली आली. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. हे दोन्ही कोश आता संगणकावर आले असून त्यांतील अर्थांमध्येही शोध घेता येतो. पण यंत्र वीस शब्द पुढे टाकील. त्यांतला एक निवडणे आपल्याकडेच राहते.

ती निवड कशी करावी? समजा, सूचना आहे : 'कापसाचे झाड', तीन अक्षरे. व्याख्येला दोन अंगे असतात. एक जात, दुसरा भेद. येथे 'झाड' ही जात झाली आणि 'कापसाचे' हा भेद. जात बहुधा शेवटी येते, म्हणून सूचना शेवटच्या नामापासून वाचावी. 'कापसाचे बी' म्हटले की सरकी, आणि 'सरकी काढलेला कापूस' म्हटले की रुई. घाईने वाचणारा 'कापूस' हा शब्द पाहतो व तिन्ही ठिकाणी एकच उत्तर शोधीत बसतो.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. सूचना ज्या रूपात असेल त्याच रूपात उत्तर असले पाहिजे. 'झाडावरून बोंडातला कापूस काढणे' याचे उत्तर 'वेचणे'. तेच काम नामरूपाने विचारले तर 'वेचणी', आणि त्या कामाची एक खेप विचारली तर 'वेचा'. लिंग, वचन आणि क्रियापद की नाम, एवढे तपासले तरी निम्मी चुकीची उत्तरे गळून पडतात. शेवटी परीक्षा एकच : सूचनेच्या जागी उत्तर घालून वाक्य म्हणून पाहावे. वाक्य अडखळले तर शब्द चुकला.

तिसरी गोष्ट आपल्या लिपीची. रोमन लिपीत एका घरात एक वर्ण बसतो. मराठी कोड्यात एका घरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसह पूर्ण अक्षर बसते, आणि जोडाक्षरालाही घर एकच. त्यामुळे आडव्या शब्दात 'टी' असेल तर उभ्या शब्दातही 'टी'च हवी, नुसता ट चालत नाही. मराठी कोडे रचणे यामुळे कठीण जाते. पण सोडविणाऱ्याला एका घरातून पुष्कळ माहिती मिळते. शुद्धलेखनाकडेही लक्ष असावे. साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने १९६२ साली मान्य केले. त्यापूर्वीच्या कोशांत 'नांव', 'केंस' असे अनुस्वार आढळतात. जुन्या कोशातून शब्द जसाच्या तसा उचलला तर घर जुळणार नाही.

आता 'कापसाचे झाड' या सूचनेकडे परत वळू. पुणेकर लिहील 'कपाशी'. आपल्या वऱ्हाडचा शेतकरी लिहील 'पऱ्हाटी'. दोन्ही शब्दांची अक्षरे तीन, दोन्हींचा अर्थ बरोबर. मग निकाल कोण देणार? तिसऱ्या घरातून जाणारा उभा शब्द देणार. तेथे 'शी' आली तर कपाशी, 'टी' आली तर पऱ्हाटी. चांगल्या कोड्यात असा साक्षीदार ठेवलेला असतो. कोडे रचणाऱ्याच्या मनात काय होते, हे ओळखण्याची आपल्याला गरज पडत नाही.

आपल्याकडील न्यायशास्त्राने व्याख्येचे तीन दोष सांगितले आहेत. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'वरील दीपिकेत त्यांची उदाहरणे गाईचीच आहेत. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी, असे म्हटले तर म्हैसही तीत शिरते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे कपिल वर्णाची, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते; ही अव्याप्ती. गाय म्हणजे एका खुराची, असे म्हटले तर एकही गाय तीत बसत नाही, हा असंभव. कोड्याची सूचना तपासायला याहून चांगले साधन मला माहीत नाही.

यांतल्या अतिव्याप्तीवर एके काळी मोठा धंदा उभा राहिला होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पीक आले. त्यांत सूचना अशी देत की एकाच जागी दोन शब्द सारखेच शोभावेत, त्यांत फरक एका अक्षराचा असावा, आणि नेमक्या त्याच घरातून दुसरा शब्द जाऊ नये. म्हणजे साक्षीदारच काढून घेतलेला! उत्तर संयोजकाच्या मोहोरबंद पाकिटात. हिशेब करून पाहा. अशा दहा जागा असतील तर सर्व शक्यता भरायला १,०२४ प्रवेशपत्रे लागतात. एका प्रवेशपत्राला चार आणे धरले तरी २५६ रुपये होतात. मजुरीवर जगणारा माणूस चार-आठ प्रवेशपत्रे भरी आणि आपण बुद्धीची परीक्षा देत आहोत असे समजे. हरला की दोष आपल्या अडाणीपणाला देई. पैसे गेले ते गेलेच. वर स्वतःच्या अकलेवरचा विश्वासही जाई. मला हा दुसरा तोटा मोठा वाटतो.

बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातील आर. एम. डी. सी. कोड्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की ही स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची आहे आणि जुगाराला व्यापाराच्या घटनात्मक स्वातंत्र्याचे संरक्षण नाही. संसदेने १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा करून महिन्याच्या एकूण बक्षिसांवर १,००० रुपयांची मर्यादा घातली होती. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निर्णयात तो कायदा उचलून धरताना न्यायालयाने म्हटले की, जेथे यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते त्या स्पर्धांना तो लागू नाही. ज्ञान आणि पैज यांमधली रेषा न्यायालयानेही मान्य केली, ती अशी.

शब्दाची ही पारख कोड्याच्या चौकटीबाहेरही लागते, आणि कामगार चळवळीत तर रोज लागते. 'मालकाने केलेली कामबंदी' म्हणजे टाळेबंदी, 'कामगारांनी मिळून केलेली कामबंदी' म्हणजे संप. कोड्यात चुकले तर खोडरबर आहे. नोटिशीत चुकले तर पगार जातो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील संपाच्या व्याख्येचा गाभा हा होता की अनेकांनी संगनमताने काम थांबवावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने त्या व्याख्येत भर घातली : निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एके दिवशी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तोही संप. शिवाय पूर्वी संपाची आगाऊ नोटीस सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरती सक्तीची होती. संहितेने ती सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली. शब्द तोच राहिला, अक्षरे तीच राहिली, पण व्याख्या रुंदावली आणि काल जी रजा होती ती आज संप ठरू लागली. ही अतिव्याप्ती आहे की नाही, यावर मतभेद होतील. पण व्याख्या न वाचता अर्जावर सही करणाऱ्याला मतभेद नोंदविण्याचीही संधी मिळत नाही.

'कामगार' या शब्दाचेही तसेच. १९४७ च्या कायद्याखाली न्यायालयांनी वारंवार सांगितले की नेमणूकपत्रावरील पदनामाने निकाल लागत नाही. माणूस प्रत्यक्षात मुख्यतः कोणते काम करतो ते पाहावे लागते. ज्याला नावापुरते 'पर्यवेक्षक' केले पण ज्याच्या हाती दिवसभर पानाच राहिला, त्याला ही एक ओळ पुष्कळदा उपयोगी पडली आहे. व्याख्येवरून शब्दाकडे जायचे, शब्दावरून व्याख्येकडे नव्हे, हे तेथे प्रत्यक्ष दिसते.

म्हणून माझी सूचना एवढीच की घरातल्या मुलांना कोडी सोडवू द्यावीत, आणि रचूही द्यावीत. रचताना त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. मी सांगितलेली जात कोणती? भेद कोणता? याच वर्णनात दुसरे काही बसते काय? दुसरे बसत असेल, तर निवाडा करणारे अक्षर उघड्यावर ठेवावे. डवरा, वखर, तिफण, सरकी, पऱ्हाटी असे आपल्या वावरातले शब्द त्या कोड्यांत यावेत. कोशात ते आहेत किंवा नाहीत हे पाहण्याच्या निमित्ताने मुले कोश उघडतील. आणि पुढे केव्हा एखादा छापील कागद सहीसाठी त्यांच्यापुढे आला, तर शब्दांच्या व्याख्या कोणत्या पानावर आहेत, हे ती आधी विचारतील.